आरोहीचा खडा

१

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या, दुसऱ्या दिवशी सगळ्या भावंडांनी कावळकड्यावर जायचं, हा अणदूरच्या मल्लिनाथअप्पांच्या घरचा दहा वर्षांचा नेम होता. तो चालवायची त्यांची थोरली, राजनंदिनी. सोलापूरहून चुलतभाऊ शिवानंद यायचा, लातूरहून चुलतबहीण महेश्वरी, उमरग्याची आतेभावंडं, असे सगळे मिळून नऊ जण. आदल्या दिवशी शेतात कडब्याची खोपटीवजा कोप उभारून, पांडवांची पूजा करून, मिसळ भाज्यांच्या भज्जीवर, आंबिलीवर आडवा हात मारून माणसं सुस्तावलेली असायची. तेव्हा हिचं मात्र डोक्यात चाललेलं असायचं, कुणाला घाटात मळमळतं म्हणून पुढची जागा, कुणाला चढताना गूळ लागतो, कुणाची चप्पल हमखास तुटते.

आई गेल्यापासून घर, अप्पा आणि शाळेतली नोकरी यांत राजनंदिनीची चौतिशी उलटली होती. लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. वर्षभर तिला कुणी काही विचारत नसे. पण येळवस जवळ आली की सगळ्यांचे फोन सुरू व्हायचे, "अक्का, किती वाजता निघायचं?" तेवढ्या एका प्रश्नावर ती वर्ष काढायची.

यंदा धाकटी आरोही महिनाभर आधीच पुण्याहून आली. लॅपटॉप घेऊन आली, घरूनच काम करते म्हणाली. एके दिवशी स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजताना राजनंदिनीचा फोन वाजला. आरोहीनं नवाच ग्रुप काढला होता, 'कावळकडा ट्रेक'. त्यात एक तक्ता. अंतर, चढ, माणशी पाणी, निघायची वेळ, कुणाकडं काय काम. सगळ्यात वर आरोहीचं नाव, आणि पाचव्या ओळीत, 'अक्का : भाकरी व शेंगाची चटणी'.

अप्पांनी चष्मा वर करून तो तक्ता दोनदा वाचला. "बघ राजू, कसं टापटीप केलंय पोरीनं. न्हायतर आपलं दरसाल नुसता गोंधळ."

"छान केलंय की," राजनंदिनी म्हणाली, आणि उखळात शेंगदाणे असे कुटले की चटणीचं पार तेल निघालं.

खोटं कशाला बोला, ती जळत होती. आणि आजची नव्हे, ती सात वर्षांची असताना हे बाळ घरात आलं तेव्हापासूनची. आईची कूस गेली, खिडकीजवळची कॉट गेली, अप्पांचं कौतुक गेलं. आता कावळकडाही निघाला होता, आणि तिच्या हातात काय उरलं, तर भाकरीचं पीठ.

२

पावसाळ्यात कड्याची वाट थोडी ढासळल्याचं कानावर आलं होतं, म्हणून रविवारी दोघी स्कूटीवरून ती पाहून यायला गेल्या. तुळजापूर मागं टाकून बालाघाटाच्या अंगाला लागलं की डांबरी संपते, आणि खडीच्या रस्त्यानं माळ चढला की एकदम पायाखालची जमीनच संपते. समोर अख्खी दरी. खाली तळाशी हिरव्या पाण्याचं कुंड, आणि तिथवर उतरणारी एकच वाट, तीही शेळ्यांनी पाडलेली.

त्या वाटेच्या तोंडाशी आपट्याच्या झाडाखाली एक सपाट धोंडा आहे. खाली उतरणाऱ्यानं त्यावर आपला एक खडा ठेवायचा आणि वर आल्यावर तो उचलून टाकायचा. तिथं शेळ्या राखणारे उत्तरेश्वरकाका घरी जाण्याआधी धोंडा बघतात. खडा दिसला की समजायचं, कुणीतरी अजून खालीच आहे, आणि मग ते हाका मारत उतरतात. नियम एकच, ज्याचा खडा त्यानंच उचलायचा. लहानपणी अप्पांनी दोघींना दरडावून शिकवलेलं.

राजनंदिनीनं हाताला लागला तो काळा खडा ठेवला. आरोहीनं मात्र पाच मिनिटं शोधून एक पांढरीशुभ्र गारगोटी आणली, धोंड्याच्या मधोमध ठेवली आणि तिचा फोटो काढला. हिचं सगळं असंच असतं, असं राजनंदिनीला वाटलं.

कुंडापर्यंत जाऊन त्या परत निघाल्या. आरोही दर दहा पावलांवर थांबून फोटो काढायची आणि फोनमध्ये काहीबाही नोंदवायची. वर जाता जाता म्हणाली, "अक्का, पुढच्या साली आपण बाहेरची माणसंपण घेऊ. मी करते सगळं. तू नुसतं यायचं, आरामात."

राजनंदिनी भराभरा चढून वर आली. खालून आवाज आला, "अक्का, थांब ग! दोनच मिनिटं!"

तिनं आपला काळा खडा उचलून झुडपात फेकला. मग तिची नजर त्या गारगोटीवर गेली. मधोमध ठेवलेली, ऊन पडून चमकत असलेली. बसू दे शोधत, असं म्हणून तिनं ती उचलली, पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली आणि चेन ओढली. पोरकटपणा होता, हे तिलाही कळत होतं. पण कितीतरी वर्षांनी आरोहीची एखादी वस्तू आपल्याकडं आली, याचं तिला बरं वाटलं.

मग ती वाटेच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. दोन मिनिटं झाली, पाच झाली.

"अक्का."

आवाज पाठीमागून आला. ती वळली, तर आरोही स्कूटीजवळ उभी.

"तू कुठून आलीस?"

"आले की वर," आरोही म्हणाली. तिला धाप लागली नव्हती. कपाळ कोरडं होतं. "फोन पडला ग खाली."

"अगं, मग? चल शोधू."

"जाऊ दे," आरोही म्हणाली. "तू म्हणशील तसं."

फोनशिवाय जेवायलाही न बसणारी पोरगी 'जाऊ दे' म्हणाली, आणि धोंड्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

३

त्यानंतरचे चार दिवस राजनंदिनीच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले.

आरोही बदलली. आपणहून म्हणाली, "ट्रेकचं तूच बघ अक्का, तुला जास्त कळतंय." लॅपटॉप मिटून कपाटावर गेला. रजा टाकली असेल, असं राजनंदिनीनं धरून चाललं. सकाळी उठावं तर अंगण झाडलेलं, भांडी पालथी घातलेली. अप्पांनी काही विचारलं की आरोही आधी अक्काकडं बघायची आणि अक्कानं मान हलवली की मगच बोलायची. अप्पाही म्हणाले, "तुझ्या वळणावर चाललीय ग राजू. बरं झालं. कितीबी म्हटलं तरी घर तूच राखलंस."

हे वाक्य राजनंदिनीनं मनात घोळवून घोळवून मऊ केलं.

तिनं आपला जुना ग्रुप पुन्हा सुरू केला, स्वतःच्या पद्धतीनं वेळा ठरवल्या आणि गाड्या वाटून दिल्या. सगळ्यांचे अंगठे आले. पुन्हा फोन येऊ लागले, "अक्का, किती वाजता?"

खटकायचं एवढंच. मधल्या खोलीतली लोखंडी कॉट, तीच ती खिडकीजवळची, मांजर बसलं तरी कुरकुरते. आरोही दुपारी तिच्यावर आडवी व्हायची, कूस बदलायची, उठायची. कॉट गप्प असायची.

राजनंदिनी एकदा मुद्दाम त्या कॉटवर बसून बघून आली. कुरकुरली. मग स्वतःशीच म्हणाली, मी वजनानं वाढले असेन. आणि पीठ मळायला गेली.

४

गुरुवारी शाळेला सुट्टी होती. दोघी ओसरीवर येळवशीच्या भज्जीसाठी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. राजनंदिनीनं ग्रुपवर शेवटची सूचना टाकली, 'सकाळी सात. टोपी आणा. जेवण माझ्याकडं.' मग कुणी कुणी वाचलं ते बघावं म्हणून तिनं बोट दाबून धरलं.

शिवानंदनं वाचलं होतं. महेश्वरीनं वाचलं होतं. आणि आरोहीनं, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. आत्ताच.

समोर आरोही शेंगा सोलत होती. तिच्या मांडीवर सुपाशिवाय काही नव्हतं.

"आरू, तुझा फोन कुणाला सापडला की काय ग?"

"नाही," आरोही म्हणाली. "तू म्हणशील तसं."

उत्तर प्रश्नाला धरून नव्हतं. राजनंदिनी उठून स्वयंपाकघरात आली. फोन एखाद्या गुराख्याला सापडला असेल, त्यानं चार्ज केला असेल, पोरं खेळत असतील. असंच असणार. खात्री करायला तिनं आरोहीचा नंबर लावला.

रिंग गेली. तिसऱ्या रिंगला कुणीतरी उचलला.

आधी नुसता वारा. मग खडी घसरल्याचा आवाज, आणि कुणीतरी चढत असल्यासारखा श्वास. फार दमलेला. दोन पावलं, थांबायचं, पुन्हा दोन पावलं. राजनंदिनीनं 'हॅलो'सुद्धा म्हटलं नाही. तो श्वास तिच्या ओळखीचा होता. लहानपणी दम्यानं आजारी असलेल्या आरोहीला तिनं रात्र रात्र मांडीवर घेऊन तो ऐकला होता.

ओसरीवरून शेंगा फोडल्याचा आवाज येत होता. टक. टक. टक. तिनं फोन कट केला.

५

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती एकटीच कावळकड्यावर गेली. उत्तरेश्वरकाका आपट्याखाली तंबाखू मळत बसले होते.

"काका, फोन सापडला का हो कुणाला खाली?"

"न्हाय बा. सापडता तर मलाच आणून दिला असता." काकांनी तिला निरखून बघितलं. "तुमी दोगी आल्ता न्हवं त्या ऐतवारी? म्या पल्याडनं बगितलं. सांजच्याला धोंडा बगाया आलो तर खडा न्हाय. म्हटलं, आल्या वर. म्हून गेलो घरी."

"हो, आलो ना."

"मग झालं." त्यांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली. "पर शेरडं लई येड्यावानी करायल्यात ताई. वाटंला चालल्यात, चालल्यात, आन् मदीच बाजूला व्हत्यात. कुणी माणूस वर यायलंय आन् त्याला वाट द्यावी, तसं. म्या दोनदा वाकून बगितलं. कुणी न्हाय."

राजनंदिनीनं खांद्यावरची पर्स पुढं ओढून घेतली.

"खडा ज्याचा त्यानंच उचलला न्हवं?" काकांनी विचारलं.

आता नीट बघा, तिला बोलायला किती सोपं होतं. पर्स खांद्याला होती. आतल्या कप्प्यात गारगोटी होती. काढायची, धोंड्यावर ठेवायची, आणि म्हणायचं, काका, चुकलं, माझी बहीण अजून खालीच आहे. मग काका हाका मारत उतरले असते. एवढंच करायचं होतं. तिनं चेनला हातही लावला.

पण त्याच सकाळी अप्पा चहा पिताना म्हणाले होते, "राजू, तूच खरी ग." आयुष्यात पहिल्यांदा. आरोही शेजारीच बसली होती आणि गप्प होती. ती वर आली, खरी ती, तर पुन्हा तक्ते येतील, पुन्हा पाचवी ओळ येईल. आणि मुळात खालीच आहे म्हणायचं कशावरून? आरोही घरी आहे. तिच्या हातचा चहा आपण प्यायलो. कुणाला सांगितलं तर येड्यात काढतील.

"तिनंच उचलला," राजनंदिनी म्हणाली.

वाटेवर एक शेळी दोन पावलं बाजूला सरकली आणि मान वर करून बघत राहिली.

६

येळवस झाली. भावंडं आली, शेत माणसांनी फुललं. कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडले होते. ते पाच दगड दिसताच राजनंदिनीनं तोंड फिरवलं आणि भज्जी ढवळायला घेतली.

"अक्काच्या हाताला चव हाय बाबा," शिवानंद म्हणाला. महेश्वरी म्हणाली, "आणि आरोही किती शांत झाली ग! पुण्याचं वारं उतरलं म्हणायचं." सगळे हसले. आरोही आंबील वाढत होती, सगळ्यांना सारखी, एक थेंब न सांडता.

अप्पांनी कोपीच्या सावलीतून हाक मारली, "आरू!"

ती वळली नाही. अप्पांनी आणखी दोनदा हाक मारली.

"आरोही, अप्पा बोलावतायत," राजनंदिनी हळूच म्हणाली.

तेव्हा ती लगेच गेली. अप्पांनी तिच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं आणि काही न सांगताच तिला परत पाठवलं. जेवताना त्यांचा घास हातातच राहत होता. राजनंदिनीनं ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

७

सकाळी सातला दोन गाड्या निघाल्या, साडेआठला कड्यावर पोचल्या. काका शेळ्या घेऊन दूरच्या माळावर होते. सगळ्यांनी हसत-खिदळत धोंड्यावर खडे ठेवले आणि खाली उतरले. राजनंदिनी जेवणाचं बघायला वरच थांबली. आरोहीही थांबली.

"तू नाही जात?"

"नाही," आरोही म्हणाली. ती दरीकडं पाठ करून बसली होती. एकटक बघत होती ती राजनंदिनीच्या पर्सकडं.

दुपारी सगळे दमून वर आले, आपापला खडा उचलून फेकला आणि जेवायला बसले. भाकरी, भज्जी, चटणी. अक्काच्या नावाचा जयजयकार झाला. "पुढच्या सालीपण अक्काच!" शिवानंद ओरडला, आणि टाळ्या पडल्या. जे ऐकायला ती वर्षभर थांबायची ते सगळं आज एकदम मिळत होतं. तरी तिचं लक्ष वाटेच्या तोंडाकडं होतं.

जेवणं झाल्यावर फडकी आवरताना तिच्या लक्षात आलं, एक भाकरी तशीच राहिली होती. आरोहीनं घेतलीच नव्हती. त्या रविवारपासून तिला जेवताना आपण नीट बघितलंय का, हे राजनंदिनीला आठवेना.

सगळे फोटोसाठी कड्याच्या टोकाला गेले, तशी ती एकटी आपट्याखाली आली. वाटेचं तोंड तीन पावलांवर होतं. ती वाकली.

खाली पहिल्याच वळणावर, कातळाच्या कडेला एक हात होता. पाचही नखं तुटलेली, बोटं धुळीनं पांढरी, मनगटात राखीचा विटलेला लाल दोरा. सख्खा भाऊ नाही म्हणून दोघी एकमेकींना राखी बांधायच्या, त्यातला. हातानं कातळ चाचपला, पकड शोधली, वर सरकला. आणि पुन्हा होता तिथंच गेला.

"अक्का," अगदी बारीक आवाज आला. "थांब ग. दोनच मिनिटं."

राजनंदिनीला रडू कोसळलं. तिनं पर्स उघडली. गारगोटी हाताला लागली, गार, हरभऱ्याच्या घाट्याएवढी हलकी. धोंडा रिकामा होता.

"अक्का!" टोकावरून सगळे हाका मारत होते. "ये की! तुझ्याशिवाय फोटो कसा काढायचा?"

तुझ्याशिवाय. ती किती वेळ तशीच उभी होती, तिचं तिलाच कळलं नाही. मग तिनं गारगोटी परत कप्प्यात टाकली. राहिलेली भाकरी फडक्यात गुंडाळली, वर चटणी ठेवली, ती पुरचुंडी वाटेच्या तोंडाशी खाली ठेवली आणि डोळे पुसत फोटोला गेली. फोटोत ती मधोमध उभी राहिली. शेजारी आरोही.

उन्हं कलायला लागली तसे सगळे गाड्यांत बसले. मागच्या सीटवर आरोहीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. खांद्यावर वजन असं आलंच नाही, फक्त गार लागलं.

पर्समध्ये फोन थरथरला. राजनंदिनीनं तो आरोहीला दिसणार नाही असा वळवून धरला. आरोहीच्या नंबरवरून मेसेज होता.

'अक्का, भाकरी मिळाली. खडा ठेव ना ग आता. मी इथंच आहे.'

आपट्याचं झाड काचेतून दिसत होतं. वीस पावलंसुद्धा नव्हती. शिवानंदनं किल्ली फिरवली आणि आरशातून मागं बघितलं.

"अक्का, आले ना सगळे? मोजलीस?"

"मोजली," राजनंदिनी म्हणाली. "नऊ आहेत. घे गाडी."